पोहायला लागतं काय?

ता. ५ जानेवारी

थोरले साडूभाऊ,

नमस्कार. तुम्ही मोबाइल टाकून दिल्याला परवा वर्ष झालं. तेव्हापासून तुम्हाला काही कळवायचं तर मोठ्या ताईंच्या फोनवर कळवावं लागतं, आणि तो फोन आमच्या हिच्याशी बोलण्यात गुंतलेला. दोन बहिणींच्या मध्ये शिरण्यापेक्षा पोस्टाचं तिकीट लावलेलं बरं.

बातमी तुमच्या कानावर आली असेलच. आमच्या इथल्या पोहण्याच्या क्लबात वीस एप्रिलला वार्षिक शर्यती आहेत. यंदा त्यात कौटुंबिक रिले ठेवलीय. चौघांचा संघ, प्रत्येकाने पंचवीस मीटर पोहायचं. या दोघी बहिणींनी आपल्या चौघांची नावं परस्पर देऊन टाकली. आपल्याला विचारायची गरजच वाटली नाही, कारण आपल्याला पोहता येतं हे जगजाहीर आहे. सासरेबुवांची अटच होती ना, की होडीवाल्याची मुलगी हवी तर जावयाला पोहता आलं पाहिजे! आणि कळस म्हणजे शिट्टी वाजवायला क्लबाने सासरेबुवांनाच बोलावलंय. शहाऐंशीव्या वर्षी म्हातारा खूश आहे. "दोन्ही जावई एकदा पाण्यात बघायचेत," म्हणाले म्हणे.

मी तयारीला लागलोय. माझ्या नंबरचा पोहायचा गॉगल करून घेतला. चष्म्याच्या दुकानदाराला नंबर उणे सहा असावा हा दैवाचा विनोदच, पण निदान काच हातची आहे. शिवाय तीन टोप्या (एक सरावाची, एक शर्यतीची, एक राखीव), कानातले बोळे, नाकाचा चिमटा, मुठीत मावणारा टॉवेल, किती फेऱ्या झाल्या ते मोजणारं घड्याळ आणि हे सगळं ठेवायला ओल्या-सुक्याचे वेगळे कप्पे असलेली पिशवी. रबरी पंख मागवलेत, यायचेत. पोहण्याच्या चड्डीबाबत मात्र निर्णय होत नाही. तुमचा काय सल्ला?

आपला,
धाकटा साडू


ता. १२ जानेवारी

प्रिय धाकटे,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण यादी एकदा वाचून संपली असं वाटेना.

अहो, पोहायला लागतं काय? पाणी आणि माणूस. पाणी क्लबाचं आहे, माणूस तुम्ही आहात. झालं! मासा कधी टोपी घालताना पाहिलात? बदक पिशवी घेऊन येतं? छापखान्यात पस्तीस वर्षं मी मुद्रितं तपासली. जिथे जास्तीचा शब्द दिसला तिथे काट मारली. निवृत्त झाल्यावर तीच नजर घराकडे वळवली. सोफा गेला, टीव्ही गेला, कपाटं गेली. आता घरात एक खुर्ची आहे. तुमच्या मेहुणीबाई वर्तमानपत्र उभ्याने वाचतात, आणि खरं सांगतो, त्यांच्या पाठीला ते फार चांगलं आहे. त्यांचं म्हणणं असं की पुढची काट माझ्यावर पडणार आहे, पण ते विनोदाने.

माझ्याकडे एक चड्डी आहे. निळी. तीच पुरे. लहानपणी आम्ही विहिरीत उड्या मारायचो तेव्हा तीही नसायची. पोहणं अंगात मुरलेलं असतं, त्याला सराव कशाला? मी तर ठरवलंय, वीस तारखेला थेट यायचं, पाण्यात उतरायचं, पंचवीस मीटर जायचं आणि अंग पुसून घरी. टॉवेल तुमचा घेईन.

तुमचा,
थोरला

ता. क. : तो नंबरचा गॉगल एकदा पाठवून द्या. टीका करायची तर वस्तू हाताळून करावी, ही माझी शिस्त आहे.


ता. २५ जानेवारी

थोरले साडूभाऊ,

गॉगल सोबत पाठवतोय. माशाला उणे सहा नंबर नसतो एवढंच नम्रपणे सांगतो.

रबरी पंख आले. फोमची फळी आली, ती पुढे धरून नुसते पाय मारायचे असतात. काच धुरकट होऊ नये म्हणून एक औषधही घेतलं. आता गॉगलच तुमच्याकडे, तर त्या औषधाने मी दुकानातली आरशाची काच पुसली. छान निघते.

तुम्ही विचाराल, पोहलात किती? तर क्लबात मी तीनदा जाऊन आलो. पहिल्या दिवशी लॉकरच्या कुलपाची किल्ली घरी राहिली. दुसऱ्या दिवशी किल्ली होती, पण पाण्यातल्या औषधाने केस जातात असं वाचलं होतं आणि त्यावरचा शाम्पू यायचा होता. (हो, मला केस नाहीत. जे आहेत ते तरी राखावेत ना?) तिसऱ्या दिवशी सगळं जमलं. चड्डी, टोपी, चिमटा, बोळे, घड्याळ, सगळं घालून काठावर उभा राहिलो. तिथे शिकवायला एक चोवीस वर्षांची मुलगी असते. ती म्हणाली, "काका, आता उतरा." कानात बोळे असल्याने मला ऐकू आलं नाही असं मी ठरवलं.

मग बाकावर जाऊन बसलो. हिचा चष्मा आणि चपला सांभाळायला कोणीतरी लागतंच. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी हिला पाण्यात घातलं त्याला आता दोन वर्षं झाली. साडूभाऊ, जमिनीवर ही जिना चढताना कठडा धरते. पाण्यात मात्र एकोणीस वर्षांची असते. पलीकडच्या टोकाला पोचली की वळून हात हलवते. मी बाकावरून हलवतो. मग ती तिथल्या बायकांशी हसून काहीतरी बोलते, ते मला ऐकू येत नाही. त्या दिवशी बोळे काढले तरी आलं नाही.

आपला,
धाकटा


ता. ८ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

गॉगल पोचला. न्हाणीघरात बादलीत तोंड घालून तपासला. बादलीचा तळ बोटाएवढा दिसतो आणि मैलभर लांब! उठलो तर तोल जाऊन दाराला कपाळ आपटलं. निष्कर्ष असा की ही वस्तू निरुपयोगी आहे. तरी आणखी काही दिवस ठेवून घेतो, म्हणजे निष्कर्ष पक्का होईल.

तुमच्या मेहुणीबाईंनी माझ्या डोळ्यांभोवतीचे लाल गोल पाहिले. "हे काय?" म्हणाल्या. मी सांगितलं, चिंतनाने होतं असं.

आता तुमच्या आजाराकडे वळतो. तुम्ही वस्तू घेत सुटलाय, म्हणून तुमच्या हातून काही होत नाही. ज्याच्याकडे काही नाही त्याला अडायलाही काही नाही. माझंच बघा, कसा मोकळा आहे. हे वाक्य एका कागदावर लिहून लॉकरच्या दाराला आतून चिकटवा.

ता. क. : नाकाचा चिमटा आणि कानातले बोळे पाठवावेत. अभ्यासासाठी.

तुमचा,
थोरला


ता. २० फेब्रुवारी

थोरले साडूभाऊ,

चिमटा आणि बोळे पाठवतोय. तुमचं वाक्य चिकटवलं. त्यासाठी चांगला चिकटपट्टीचा संच घेतला.

एक शंका. पोहताना श्वास नेमका केव्हा घेतात? म्हणजे मला माहीतच आहे, पण आपल्या वेळची पद्धत वेगळी होती आणि हल्लीची वेगळी असेल. तुमच्या विहिरीत काय करत होतात?

मी कोरड्या जमिनीवरचा सराव सुरू केलाय. दुकानात डोळे तपासायचं फिरतं स्टूल आहे, त्यावर पोट टेकून हात-पाय मारतो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. परवा नेमक्या एक बाई तयार चष्मा न्यायला आल्या. डोळ्यांवर चष्मा नसल्याने मी काय करतोय ते त्यांना दिसलं नाही. मी तसाच उतरून त्यांना चष्मा दिला. त्यांनी तो लावला, मग स्टूलकडे पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या रबरी टोपीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "नंबर बरोबर आहे."

आपला,
धाकटा


ता. १ मार्च

प्रिय धाकटे,

श्वास पाण्याबाहेर असताना घ्यावा. आत असताना घेऊ नये. याहून जास्त शास्त्र त्यात नाही.

फळी, पंख, घड्याळ, टोप्या आणि ती पिशवी, सगळं एका खोक्यात भरून पाठवा. तुमच्या भल्यासाठी सांगतोय. मोहाची वस्तू डोळ्यांआड असावी.

घाई आहे. उद्या लवकर उठायचंय.

थोरला

ता. क. : शाम्पूही.


ता. १४ मार्च

थोरले साडूभाऊ,

खोकं मिळालं असेल. पोस्टातल्या माणसाने विचारलं, "एवढं काय आहे?" मी म्हणालो, "मोह."

त्यानंतर काय झालं ते सांगतो, आणि हे पत्र कृपा करून मोठ्या ताईंच्या हाती लागू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ही नसताना, लॉकर उघडलं तर आत एक चड्डी आणि तुमचं वाक्य. बाकी रिकामं. पिशवी लावत बसायला पिशवी नाही, गॉगल पुसत बसायला गॉगल नाही. पाच मिनिटांत मी काठावर होतो. इतक्या लवकर मी तिथे कधीच पोचलो नव्हतो. चष्मा काढून बाकावर ठेवला आणि समोरचं सगळं निळं धुकं झालं. तळ दिसेना. खरं सांगू? त्याने धीर आला. मी शिडीला पाठमोरा होऊन खाली उतरलो आणि छातीइतक्या पाण्यात शिडी घट्ट धरून उभा राहिलो. तसाच पाऊण तास. ती शिकवणारी मुलगी जवळ आली. यावेळी कानात काही नव्हतं. "काका, तुम्हाला येतच नाही ना?" म्हणाली. मी म्हणालो, "हळू बोल. तीस वर्षांत कोणाला कळलेलं नाही."

साडूभाऊ, मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. सासरेबुवांनी "पोहता येतं का?" विचारलं तेव्हा नदी आटून कंबरेएवढी झाली होती. मी पाण्याकडे पाहिलं, मग त्यांच्या धाकट्या मुलीकडे पाहिलं आणि "येतं" म्हणालो. इतक्या उथळ नदीत त्यांना तरी पारख कशी करता येणार! तेव्हापासून कोणी पाण्याचं नाव काढलं की मी सर्दी झाल्याचं सांगतो. हिला वाटतं, माझी प्रकृतीच तशी.

आता ही पाण्यातून हात हलवते आणि मी बाकावर खोटेपणा घेऊन बसतो. शर्यत हरलो तर माझं काही जाणार नाही. पण वीस तारखेला हिला कळलं की ज्या एका शब्दावर हिच्या बापाने हिला माझ्या हाती दिलं तो शब्दच खोटा होता, तर हिचा माझ्यावर विश्वास उरेल का? ह्या विचाराने जेवण जात नाही. हे सगळं सामान मी पोहायला घेतलंच नव्हतं, पाण्यात उतरायचा दिवस पुढे ढकलायला घेतलं होतं.

एकच विनंती आहे. तुम्हाला येतं. तुमची पंचवीस मीटर झाल्यावर माझीही तुम्हीच पोहाल का? मी ऐनवेळी सर्दी झाल्याचं सांगेन.

तुमचा,
धाकटा


ता. २१ मार्च

प्रिय धाकटे,

तुमचं पत्र मी खुर्चीवर बसून वाचलं आणि खुर्ची एकच असल्याचं बरं वाटलं, कारण शेजारी कोणी नव्हतं.

मलाही येत नाही.

विहीर होती. उड्याही मारायचे, माझे भाऊ. मी काठावर त्यांचे कपडे धरून बसायचो. मला सासरेबुवांनी विचारलं तेव्हा कडाक्याची थंडी होती. "येतं, पण आज पाणी गार आहे," असं मी म्हणालो. तेही "हो, गार आहे" म्हणाले. इतका साधा संवाद. त्यावर चौतीस वर्षं संसार झाला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी तर शब्दशः कोरडा. नावं दिल्याचं कळल्यापासून माझी झोप उडाली होती, पण तुम्हाला उपदेश केल्यावर सामान आणायचं कोणत्या तोंडाने? म्हणून तुमचंच मागवत गेलो. रोज पहाटे इथल्या तलावात जातो, तिथे लहान मुलांसाठी कंबरभर पाण्याचा वेगळा भाग आहे. गॉगल, दोन टोप्या एकावर एक, बोळे, चिमटा, घड्याळ, पंख आणि पुढे फळी, अशा थाटात मी उतरतो. मुलं मला अंतराळवीर म्हणतात. एका चिमुरडीने काल विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठून आलात?" गॉगलमधून ती मला मैलभर लांब दिसत होती, तरी मी ओशाळलो.

घरातलं सगळं टाकून दिलं, कारण टाकायला धैर्य लागत नाही. नवं काही शिकायला बसायचं आणि चारचौघांत न जमलेलं दिसू द्यायचं, याची मला फार भीती वाटते. तुम्ही शिडी धरून पाऊण तास उभे राहिलात. मला त्याचा हेवा वाटला, हे आपल्या दोघांत ठेवा.

तुमची पंचवीस मीटर मी पोहू शकत नाही. माझी तुम्ही पोहाल का, हेच विचारायला मी कागद घेतला होता.

तुमचा,
थोरला


ता. ९ एप्रिल

थोरले साडूभाऊ,

अकरा मीटर झाले. मधे एकदा पाय टेकला, म्हणजे खरं सहा आणि पाच. ती मुलगी म्हणते, "काका, हात-पाय कमी मारा. पाण्याशी भांडू नका." हिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ही क्लबात संध्याकाळी असते, म्हणून मी दुपारी दुकान बंद करून जातो. दाराला पाटी लावलीय, 'मालक बाहेरगावी.' काल हिने विचारलं, "तुमच्या अंगाला तलावाचा वास कसा येतो?" मी सर्दीचं औषध सांगितलं.

गॉगल परत पाठवू नका. नाही दिसत तेच बरं आहे.

जे होईल ते आपलं दोघांचं होईल.

धाकटा


ता. २४ एप्रिल

दोन्ही जावईबापूंना,

अनेक आशीर्वाद. मी पत्र लिहीत नाही, पण त्या दिवशी तुम्ही दोघंही माझी नजर चुकवून जेवलात आणि निघून गेलात, म्हणून लिहितो. धाकट्यांना चष्म्याविना काही दिसत नव्हतं, थोरल्यांना गॉगलमुळे दिसत नव्हतं. मला सगळं दिसलं. तेव्हा आधी काय झालं ते ऐका.

माझ्या दोन्ही मुली आपापली फेरी करून आल्या तेव्हा आपला संघ पहिला होता. मग धाकटे जावई शिडीने पाठमोरे उतरले. लोक हसले. अर्ध्यावर गेल्यावर तुम्ही थांबलात आणि पट्ट्यांमधली तरंगती दोरी धरलीत. बाकीचे संघ पुढे गेले. तेव्हा धाकटी काठाकाठाने तुमच्या बरोबरीला आली, गुडघ्यावर हात ठेवून वाकली आणि म्हणाली, "माझ्या आवाजाकडे या. मी बोलत राहते." आणि बोलत राहिली. दूध सांगायचं राहिलं, जिन्यातला दिवा गेलाय, असलं काहीबाही. तुम्ही दोरी सोडलीत आणि तिच्या बोलण्यामागे पलीकडे पोचलात. ती त्या वेळी जशी हसत होती तशी ती लहानपणी हसायची. मी शिट्टी वाजवायची विसरलो.

थोरले सगळं सामान चढवून उतरले. पाय उत्तम मारलेत. फक्त तिरके गेलात आणि चौथ्या पट्ट्यात दुसऱ्याच कुटुंबाच्या टोकाला जाऊन लागलात. तिथल्या बाईंनी तुमचं अभिनंदन केलं, ते तुम्ही स्वीकारलंत. पंचांनी आपल्याला बाद केलं. एरवीही आपण शेवटचे होतो. थोरलीने घरी जाताना एक खुर्ची विकत घेतली म्हणे. चांगलं केलं.

आता तुमच्या खोट्याबद्दल. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्हा दोघांनाही मी होडीतून पलीकडे नेलं होतं. पोहता येणारा माणूस होडीत बसला की पाण्याकडे बघतो. न येणारा होडीचा काठ धरतो. थोरल्यांनी एका हाताने धरला होता, धाकट्यांनी दोन्ही हातांनी. मी घरी येऊन मुलींना सांगितलं, याला येत नाही बरं का. दोघींचं उत्तर एकच होतं, "मला येतं की! घरात एकाला आलं की पुरे." तेव्हा त्याही तीस-चौतीस वर्षं ओळखून आहेत. नावं त्यांनी मुद्दामच दिली. काठावर बसलेल्या नवऱ्याला हात हलवून हलवून धाकटीचा हात दुखायला लागला होता.

राहता राहिलं एक. काठ कसा धरतात हे मला कसं ठाऊक, असं तुम्ही विचारणार नाही, पण मीच सांगतो. पूल होईपर्यंत चाळीस वर्षं मी होडी चालवली. मला पोहता येत नाही. मुलींना त्यांच्या आईने शिकवलं. ती त्या नदीकाठचीच होती. मला माझ्या सासऱ्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि मीही "येतं" म्हणालो होतो. प्रत्येक फेरीला वल्हं सोडून काठ धरावासा वाटायचा. म्हणून माझ्या जावयांना तरी यावं, एवढीच इच्छा होती. ती त्या दिवशी पुरी झाली. उशिरा झाली, पण झाली.

आता दोघी मुली माझ्या मागे लागल्यात. सोमवारपासून सकाळी लहान मुलांच्या भागात यायला सांगतायत. चड्डी धाकटीने आणलीय. बाकी मला काही नको.

नाकाचा चिमटा तेवढा पाठवून द्या.

तुमचा,
सासरा